राखाडी रंगाखालचा हात

ओहोटी लागली होती. दारूखान्याच्या, जुन्या बोटी मोडायच्या किनाऱ्यावर काळा, तेलकट चिखल उघडा पडला होता आणि त्यावर माघातलं कोवळं, केशरी ऊन सांडलं होतं. त्या चिखलात कुशीवर कललेली, गंजजर्जर, सागरश्रांत मेघवती बोट अखेरच्या मुक्कामाला येऊन टेकली होती. तिचं नाव मालकांनी कधीच बदललं होतं, पण दाऊद सारंगाने तिला लांबूनच ओळखलं.

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बावीस वर्षं त्याने या बोटीवर काढली होती. आता सत्तरी उलटली होती, तरी शिडी चढताना त्याने कुणाचा आधार घेतला नाही. हातात एकच वस्तू होती, रंग खरवडायची टोकदार हातोडी. बोट मोडणाऱ्यांनी त्याला दुपारपर्यंतची मुभा दिली होती. दुपारी लोखंड कापणाऱ्या गॅसच्या ज्वाळा पुढच्या कोठाराकडे वळणार होत्या.

आणि त्या कोठाराच्या लोखंडी दारावर, चौदा थरांच्या रंगाखाली, याकूबचा हात होता.

याकूब त्याचा धाकटा भाऊ. सारंगाने आपल्याच गावची माणसं बोटीवर घ्यायची, ही तेव्हाची रीत. लग्नाला आठ दिवस झालेल्या याकूबलाही त्यानेच आणलं. त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाची लढाई पेटली. नौदलाने मेघवती मागून घेतली. तिचं काळंभोर अंग, तांबडा कमरपट्टा, शुभ्र डोलकाठी, सारा शृंगार पुसला गेला आणि तिला नखशिखांत राखाडी रंग दिला गेला. धुक्याचा रंग, राखेचा रंग, शत्रूला दिसू नये म्हणून दिलेला रंग. दार रंगवून झालं आणि याकूबने ओल्या रंगावर उजवा हात उमटवला. गावात नव्या होडीवर घरची माणसं उमटवतात, तसा.

"काय करतोस रे? ही काय बापाची होडी हाय?" सारंग खेकसला आणि कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात त्याने तो हात पुसला. खलाशी हसले. याकूबही हसला.

मग मेघवती निघाली. पीठ घेऊन, घोंगड्या घेऊन, गोड्या पाण्याची पिंपं घेऊन, तोफगोळे घेऊन. जाताना अन्न नेई, येताना जखमी आणी. भूमध्य समुद्रातल्या एका बंदराबाहेर, निळ्या, निरभ्र सकाळी विमानं आली. एक बॉम्ब मागच्या कोठारात पडला. याकूब तिथेच होता. मेघवती जगली, याकूबची टोपीसुद्धा सापडली नाही. त्याचा फोटो तर कधी काढलाच नव्हता.

मेघवती चालत राहिली. लढाई संपली, राखाडीवर पांढरा चढला. गहू वाहिला, पिवळा चढला. कोळसा वाहिला, हिरवा चढला. रंगावर रंग, वर्षावर वर्ष. पण बोटीवर होता तोवर ते दार सारंगाने कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. पुसलेला हात पुरता पुसला गेला नव्हता. त्याच्या कडा रंगाखाली उचललेल्या होत्या, बोटांना लागत होत्या. तिथे आला की सारंग कुंचला हलकेच फिरवी, झोपल्या लेकरावर पांघरूण ओढावं तसा.

बोट मोडीत निघाल्याचं कळलं, तेव्हा याकूबच्या बायकोला, अमीनाला, त्याने त्या हाताबद्दल पहिल्यांदा सांगितलं. कुणी पुसला, ते मात्र सांगितलं नाही.

"तेवडा हात आना, भाय," ती म्हणाली. "मना त्याचा चेहरा आता आठवत नाय."

दाराचा पत्रा तसाच कापून नेता आला असता. पण सारंगाला हात स्पष्ट हवा होता, पार करंगळीपर्यंत. कारागिराची खोड, दुसरं काय!

हातोडी हलके, अगदी हलके चालू लागली. हिरवा गळला. पिवळा गळला. पांढरा गळला. राखाडी उजाडला. आधी मधलं बोट, मग अंगठा, मग तळव्याची पुसट, फुगीर कड. अंगठ्यापाशी गंजाचा फोड होता. गंज दिसला की घाव जोरात घालायचा, लोखंड चकाकेपर्यंत. चाळीस वर्षं तो हेच करत आला, हेच पोरांना शिकवत आला. मनाला कळायच्या आत मनगटाने तो घाव घातला.

अख्खा हात एका तुकड्यात सुटला, पायाशी पडला आणि फुटला. दारावर उरलं स्वच्छ, कोरं, लखलखीत लोखंड. एवढं सफाईदार काम त्याने जन्मात केलं नसेल. सारंग खाली बसला आणि मोठमोठ्याने रडला.

गावी, खाडीकडच्या ओटीवर, त्याने अमीनापुढे रुमालाची गाठ सोडली.

"मीच पुसला व्हता, अमीना. तवाही मीच, आताही मीच."

ती उठली. सूप घेऊन आली, तुकडे त्यात पसरले, एकेक उलटून राखाडी तेवढे वेचत राहिली, पाच बोटं जुळवत राहिली. ती जुळली नाहीत. मग सगळे राखाडी तुकडे तिने उजव्या मुठीत घट्ट धरले.

"जेवून जा, भाय," ती म्हणाली.

खाडीवर ऊन कललं. पाणी सोनेरी झालं, तांबूस झालं, हळूहळू राखाडी झालं. अमीनाने मूठ उघडली तेव्हा तुकड्यांचा चुरा झाला होता. तळहातावरची लग्नाची मेंदी फिकी पडायच्या आत याकूब बोटीवर गेला होता. त्याच तळहाताच्या, आता सुरकुतलेल्या, रेषांत राखाडी रंग भरला होता. त्या दिवशी तिने हात धुतला नाही.