साहेब हरत नाहीत

आमच्या मिक्सर कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघाली आणि तिच्यात गेम विभागाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर माझं अक्षर चांगलं, आणि त्या विभागातली दोनच माणसं कंपनीत उरलीत. त्यातला दुसरा बोलत नाही.

हो, मिक्सर कंपनीचा गेम विभाग. हसून घ्या. बदलीची चिठ्ठी हातात पडेपर्यंत मीही हसले होते.

त्याचं असं झालं, की मोठ्या साहेबांचे जावई कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि म्हणाले, "पप्पा, पुढचा काळ गेमचा आहे. बाहेरून कशाला करून घ्यायचे, घरातच करू." झालं! तिसऱ्या मजल्यावर सुट्या भागांच्या गोदामात पार्टिशन घातलं, आठ टेबलं मांडली. मी तेव्हा मिक्सर तपासायचे, म्हणजे जळेपर्यंत चालवायचे आणि किती मिनिटांनी जळला ते लिहायचे. जावईबापू म्हणाले, "तपासणी ती तपासणी. बाई गेम तपासतील." अशी मी त्या क्षेत्रातली तज्ज्ञ झाले.

गेम करणारा खरा माणूस एकच. त्याला आम्ही घुम्या म्हणायचो. दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "ताई, चहा?" बाकीच्या सहा टेबलांवर जावईबापूंचे मित्र, मित्रांचे भाचे आणि एक मोठी फुलदाणी.

घुम्याने सहा महिन्यांत एक गेम केला. इमारतीत पाणी चढतंय आणि एका मुलीला शेजारणीचं मांजर घेऊन चौदा मजले चढायचेत. मांजर मध्येच हातातून उडी मारतं. बुडालात, तर पडदा काळा व्हायच्या आधी ते एकदा मान वळवून तुमच्याकडे बघतं. एवढंच. मी मिक्सर जाळणारी बाई, पण त्या बघण्यापायी लगेच पुन्हा खेळायला बसले आणि जेवायचं विसरले.

दर शुक्रवारी साहेबांना गेम दाखवायचा अशी पद्धत होती. पहिल्या शुक्रवारी साहेब बसले, कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा धरला आणि आठ सेकंदांत बुडाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि उठून गेले.

जावईबापू आमच्यावर असे काही भडकले, की बोलायची सोय नाही. "साहेब हरता कामा नयेत! कळलं?" घुम्याने मान खाली घालून एक सोय करून दिली. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की पाणी मुलीच्या पायाखाली वीतभर अंतरावर थांबायचं. ते बटण दाबायचं काम माझ्याकडे. साहेबांच्या खुर्चीमागे उभी राहायचे आणि ते बसले की हळूच दाबायचे. साहेब चौदाव्या मजल्यावर पोचायचे, भाचेमंडळी टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचे. खोटं कशाला बोलू?

आता सांगा, हरताच येत नसेल तर माणूस कंटाळणार नाही का? चौथ्या शुक्रवारी साहेब म्हणाले, "जरा मजा कमी पडतेय. घोडा टाका." टाकला. मग हेलिकॉप्टर टाकलं. मग मांजराच्या जागी आपला मिक्सर घ्या म्हणाले. मुलगी मिक्सर कवटाळून जिने चढायला लागली. ज्या रोगाने गेम मरत होता त्याचाच नवीन डोस आम्ही दर आठवड्याला औषध म्हणून पाजत होतो, आणि तेही अकरा वर्षं!

शेवटी गेम बाजारात आला. "साहेबांना आवडतो तसाच काढा," असा जावईबापूंचा हुकूम होता, म्हणून ते बटण कायमचं दाबलेलं ठेवलं. जगात कोणालाच हरता येईना. तपासणीच्या कागदावर "दोष आढळला नाही" असं लिहून मी सही केली, माझ्या त्या चांगल्या अक्षरात. त्याची मला आजही लाज वाटते. लोकांनी आमची अशी टिंगल केली, की महिन्याभरात विभागाला कुलूप लागलं. घुम्याला मिक्सरच्या तक्रारी ऐकायला फोनवर बसवलं. घुम्याला! फोनवर!

परवा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. खरोखरीचे गेम करणारी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती. पण मांजराचा गेम यानेच केला, असं मालकांच्या सहीचं पत्र सोमवारपर्यंत हवं होतं. जावईबापूंकडे गेला, तर ते म्हणाले, "असं एकट्याचं काही नसतं रे, टीम असते." आणि माझ्या इतिहासात स्वतःच्या हाताने काय सुधारलं माहितीये? "विभागाची संकल्पना जावईसाहेबांची. अपयश एका तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे." वा रे वा! श्रेय घ्यायला टीम, आणि मार खायला हा एकटा.

माझं डोकंच फिरलं. पत्र मी स्वतः टाइप केलं आणि शनिवारच्या समारंभाला पर्समध्ये घालून नेलं.

खालच्या हॉलमध्ये कंपनीच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. एका टेबलावर आमचा गेम. मी त्यात माझ्या कपाटातली जुनी प्रत घातली, दुसऱ्या शुक्रवारची. मांजर होतं, घोडा नव्हता. साहेब आता थकलेत, काठी घेऊन चालतात. ते हौसेने बसले. मी नेहमीसारखी मागे उभी राहिले, आणि बटण दाबलं नाही.

साहेब आठ सेकंदांत बुडाले. मांजराने वळून पाहिलं.

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक. साहेब म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा बुडाले. सात वेळा बुडाले. भाषणं खोळंबली, पाहुणे घड्याळं बघायला लागले. मग साहेबांनी विचारलं, "आधी तर मी दरवेळी वर पोचायचो. म्हणजे अकरा वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "नाही, साहेब." घुम्या!

"पप्पा, असं काही नाही हो," जावईबापू पुढे सरसावले.

"तुम्ही गप्प बसा हो. कोणाचा आहे हा गेम?"

"आपलाच, पप्पा."

"माझा असता तर असा बुडलो नसतो."

मी पत्र पुढे केलं, "साहेब, याचा आहे. इथे सही हवी." साहेबांनी नजर न हलवता सांगितलं, "बाई, एकदा हे मांजर वर नेतो, मग सही."

ते सात जन्मांत वर पोचले नसते! जावईबापू माझ्या कानाशी लागले, "दाबा ना ते बटण. त्याचंच काम होईल." पहिल्यांदाच माणूस खरं बोलला. माझा हात कीबोर्डकडे गेला. खरंच गेला.

घुम्याने माझं मनगट धरलं. "नको, ताई."

"अरे, सोमवार!"

"नको."

मग तो साहेबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला आणि अकरा वर्षांत बोलला नव्हता एवढं बोलला. "साहेब, मांजर उतरलं की त्याच्यामागे धावू नका. पायरीवर थांबा. ते येतं आपोआप. नाही, आता नाही. आता चला." साहेब शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. भाषणं झालीच नाहीत. पाहुणे जेवून गेले, खुर्च्या उचलल्या, जावईबापू गाडीत जाऊन बसले. तासाभराने ती मुलगी चौदाव्या मजल्यावर पोचली. मांजर हातात होतं. टाळ्या वाजवायला आम्ही दोघंच होतो, आणि या वेळी मी मनापासून वाजवल्या.

साहेबांनी पत्र घेतलं, पेन उघडलं, चष्मा सारखा केला. वर नाव टाइप केलेलं होतं, पण त्यांना ते दिसत नसावं. घुम्याकडे बघून म्हणाले, "पोरा, नाव काय रे तुझं?"

अकरा वर्षांचे शुक्रवार. दर वेळी हाच समोर उभा.

घुम्याने माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं, आडनावासकट, बाहेर गाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.