हिरव्याकडे झुकलेला निळा

पेंटरने भिंतीवर चौथा चौकोन ओढला, रोलर बादलीच्या कडेवर निथळत ठेवला आणि दोन पावलं मागे सरून तो बाईंच्या तोंडाकडे पाहू लागला. डावीकडून हळदी, विटकरी, मोरपंखी आणि गर्द जांभळा असे हातभर रुंदीचे चार ओले चौकोन. अठ्ठावीस वर्षं सायीच्या रंगाची राहिलेली ती भिंत त्यांच्यामुळे एकाएकी परक्या घरातली वाटायला लागली होती. बाईंनी नुसतं "वाळू द्या" म्हटलं आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्राची उचललेली कडा पायाने दाबली.

समोर सोफ्यावर बाईंचे यजमान, काटासाहेब, बसले होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कापडाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी शेड जुळवण्याचं काम केलं. गिऱ्हाइकाने पाठवलेला बोटभर नमुना आणि रंगवून आलेलं कापड दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचं, आणि हो किंवा नाही एवढंच सांगायचं. त्यांनी नाही म्हटलं की अख्खा लॉट परत रंगाच्या हौदात जाई. तराजूचा काटा जसा कुणाची भीड धरत नाही तसेच हे, म्हणून कामगारांनी त्यांना काटा म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्याला साहेब चिकटलं. एकदा तीन पाळ्यांचं काम त्यांनी एका शब्दात बाद केलं, तेव्हा मॅनेजरने त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं होतं. बाहेर आले तेव्हाही उत्तर तेच होतं. बाई स्वतः जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत होत्या. आयुष्यभर खिडकीपलीकडून लोकांनी त्यांना बाई म्हटलं, आणि निवृत्त झाल्यावरही भाजीवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच राहिल्या.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की काटासाहेबांच्या डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं हळूहळू जाईल. त्याच दवाखान्यात एक समजूतदार मुलगी घर कसं लावावं ते सांगत असे. दिव्यांच्या बटणांभोवती काळी पट्टी चिकटवा, पायऱ्यांच्या कडा रंगवा, आणि बसायच्या खोलीतली एक भिंत चांगली ठसठशीत रंगाची करून घ्या, म्हणजे तिच्यापुढे बसलेलं माणूस, टेबल, खुर्ची त्यांना उठून दिसेल, असं ती म्हणाली. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात जरा अडला.

कारण हे घर घेतलं तेव्हापासून त्यांना एक भिंत मोरपंखी हवी होती. दर रंगकामाला त्या विषय काढत, आणि दर वेळी काटासाहेब म्हणत की दिवसभर रंगांशी भांडून येतो, घरी डोळ्यांना टेकायला जागा राहू दे. पुढे बाईंनी विषय काढणं सोडलं. आता ती भिंत औषधाच्या चिठ्ठीसारखी घरात येत होती, आणि त्यांना तिचा आनंद होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकोन वाळले. विटकरी वाळून गंजासारखा दिसायला लागला, तो बाईंच्या मनातून उतरला. काटासाहेब खाली फाटकापर्यंत फेरी मारायला गेले होते तेवढ्यात त्यांनी पेंटरकडून त्यावर बाटलीसारखा गडद हिरवा मारून घेतला. ही गोष्ट नवऱ्याला सांगायची राहून गेली. मुद्दाम नव्हे, स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं, ते उतू जायला आलं होतं.

काटासाहेब आले, काठी दाराशी टेकवली आणि भिंतीसमोर उभे राहिले. जुनी सवय होती ती, मान किंचित डावीकडे, हात मागे. बाई दूध उतरवून दाराशी आल्या. काय वाटतं, म्हणून त्यांनी विचारलं.

हळदी खोलीला लहान करेल, असं काटासाहेब म्हणाले. जांभळा चार दिवसांनी कंटाळवाणा होईल. मग त्यांनी दुसऱ्या चौकोनाकडे बोट केलं.

"हा विटकरी मात्र बरा उतरलाय. ऊब आहे त्याच्यात."

पेंटर वळला. त्याने आधी चौकोनाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी तळहात वर केला. तसाच हात त्यांनी नोकरीत असताना कितीदा तरी रांगेतल्या माणसांसमोर केला असेल. पेंटरला त्या म्हणाल्या की तुम्ही जरा चहा घेऊन या खालून, आम्ही दोघं ठरवतो. तो गेला. दार लागल्याचा आवाज झाला तरी काटासाहेब भिंतीसमोरून हलले नव्हते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

काय कधीपासून, असं त्यांनी उलट विचारलं नाही. ते सोफ्याचा हात चाचपत बसले.

"विटकरी नाहीये का तो?"

"सकाळी हिरवा केला."

त्यांनी मान हलवली. एखाद्याने कामातली चूक दाखवली आणि ती खरी निघाली, की ते अशीच मान हलवत.

मग त्यांनी सांगितलं. पावणेतीन महिने झाले. आधी निळा आणि जांभळा एक झाले, मग लाल काळ्यात गेला, आणि आता सगळंच राखेसारखं झालं होतं, कमी राख आणि जास्त राख. उजेड कळतो, आकार कळतात, बाईंचा चेहरा जवळ आला तर कळतो. शर्ट ते गुंड्यांवरून ओळखत होते. चौकातल्या सिग्नलचा वरचा दिवा लागला की खालचा, ते पाहून रस्ता ओलांडत होते. आणि बाईंनी कुठल्याही रंगाबद्दल विचारलं, की आधी "तुला कसा वाटतो" म्हणून विचारून घेत आणि बाईंच्या उत्तरावर आपलं उत्तर बेतत. काल पेंटर एकेका रंगाचं नाव घेत ओढत होता, ते त्यांनी क्रमाने लक्षात ठेवलं होतं.

बाईंना पडद्यांचं कापड आठवलं, उशांचे अभ्रे आठवले, परवा नेसलेल्या साडीला ते छान दिसते म्हणाले होते ते आठवलं. त्या ऐकत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. डॉक्टरांना तरी सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. सांगितलं होतं. फक्त बाईंना बाहेर बसवून.

"मला का नाही सांगितलंत?"

खाली कुणीतरी गाडी पुसत होतं, बादलीची कडी वाजत होती.

"तू विचारायचीस ना. हा घेऊ की तो घेऊ. म्हटलं, सांगितलं की ते बंद होईल."

बाई उठून आत गेल्या. नळ सोडला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, आणि दुधावर धरलेली साय उगीचच चमच्याने बाजूला केली. राग होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पावणेतीन महिने हा माणूस त्यांच्याशेजारी बसून त्यांच्याच आवाजातून रंग चाचपत होता, आणि त्यांना पत्ता लागला नव्हता. लोकांचे जन्म-मृत्यू तारीखवार लिहिणाऱ्या बाईंना घरातली ही एक तारीख कळली नव्हती.

त्या परत आल्या तेव्हा काटासाहेब म्हणाले की आता तुला हवी तीच कर, मोरपंखी. मला काय, गडद असली की झालं.

"मला अशी नको," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही फरक पडत नाही म्हणून माझी, तशी नको."

"मग?"

"तुम्ही बनवा."

काटासाहेब पहिल्यांदा थोडं हसले. दुकानातला मोरपंखी मुळात कच्चाच असतो, म्हणाले, त्याला खालून काळ्याचा आधार लागतो. पण ते बघणार कोण? बघेन मी, असं बाई म्हणाल्या.

पेंटर परतला तेव्हा त्याला हा बेत पटला नाही. हल्ली दुकानात यंत्र रंग मिसळून देतं, काका, हातानं करायचे दिवस गेले, असं त्याने नम्रपणे सांगून पाहिलं. शेवटी पांढऱ्याचा डबा आणि निळ्या, हिरव्या, काळ्या रंगाच्या छोट्या बाटल्या घेऊन आला. काटासाहेब खुर्ची ओढून बादलीशी बसले. निळा इतका, हिरवा त्याच्या निम्मा, काळ्याचे थेंब मोजून; पेंटर ओतत गेला, काठीने ढवळत गेला.

"आता कसा आहे?" त्यांनी बाईंना विचारलं.

"चांगला आहे."

"चांगला नावाचा रंग नसतो. निळ्याकडे झुकतोय का हिरव्याकडे?"

बाईंना सांगता येईना. त्यांनी आयुष्यभर रंग पाहिले होते, आवडले, नावडले, एवढंच. काटासाहेबांनी त्यांना पांढऱ्या कागदावर बोटभर ओढायला लावलं, वाळेपर्यंत थांबवलं, खिडकीशी नेऊन पाहायला लावलं. मग सावलीत. मग पुन्हा खिडकीशी. आधी बाई चुकल्या, मग वैतागल्या, एकदा कागद टाकून आत निघूनही गेल्या आणि पुन्हा आल्या. तासाभराने त्या म्हणाल्या की हिरव्याकडे झुकलाय, पण आतून निळाच आहे, आणि थोडा मळल्यासारखा वाटतो. काटासाहेबांनी काळा थांबवला, निळ्याचे सहा थेंब वाढवले. त्यानंतर कागदावर जे आलं ते बाईंनी खिडकीशी नेलं, सावलीत आणलं आणि पुन्हा खिडकीशी नेलं. पेंटर म्हणाला, "काका, हा दुकानात मिळत नाही."

संध्याकाळपर्यंत एक हात मारून झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा हात अर्ध्यावर आला आणि रंग संपला. काटासाहेब जेवून आडवे झाले होते, त्यांचा डोळा लागला होता. त्यांना कशाला उठवायचं म्हणून पेंटरने कालचे थेंब आठवून नवीन बादली बनवली आणि खिडकीकडचा भाग उरकला. बाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. त्या खाली आल्या तेव्हा तो शिडी मिटत होता.

भिंत सुंदर झाली होती. बाई दारातच उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षं डोळ्यांपुढे होती त्यापेक्षा ती खोल होती, शांत होती, तिच्यापुढचा सोफा पाण्यावर ठेवल्यासारखा दिसत होता. मग त्यांची नजर खिडकीकडे सरकत गेली आणि एका जागी थांबली. तिथून पुढे चार हात भिंत वेगळी होती. पाहुण्याला कदाचित कळलीही नसती. कालपर्यंत बाईंनाही कळली नसती.

त्यांनी पेंटरकडे पाहिलं. त्यालाही ते कळलेलं होतं. तो जवळ आला आणि अगदी हलक्या आवाजात बोलला, त्यात लबाडी नव्हती.

"काकू, राहू द्या. काकांना कुठे दिसणार आहे? इतक्या हौसेने केलाय त्यांनी. उगाच मन मोडायचं."

आतून काठीचा आवाज आला. काटासाहेब उठून बाहेर आले, ताज्या रंगाचा वास घेत खोलीच्या मध्यावर थांबले. झोपेने त्यांचे केस एका बाजूला उभे राहिले होते. समोर गडद काहीतरी आहे आणि त्यापुढे सोफ्याची फिकी पाठ आहे, एवढं त्यांना दिसत असणार, कारण ते न चाचपता सोफ्यापर्यंत गेले आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान होतं. कित्येक दिवसांत बाईंनी ते पाहिलं नव्हतं.

"झाली? एकसारखी आली?"

"एकदम एकसारखी, काका," पेंटर म्हणाला.

काटासाहेबांनी मान वळवली नाही. त्यांनी पेंटरला विचारलंच नव्हतं. ते थांबून राहिले. बाईंच्या हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "खिडकीकडचे चार हात वेगळे आलेत. हिरव्याकडे गेलाय."

पेंटरने खाली पाहिलं, आणि मिटलेली शिडी पुन्हा उघडली. काटासाहेबांच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं. बाईंना वाटलं, आपण हे काय केलं. पण त्या जागी जे आलं ते दुःख नव्हतं. कपाळावर आठी पडली, मान किंचित डावीकडे झुकली, आणि सोफ्यावरचा हात निघून पाठीमागे दुसऱ्या हातात गेला.

"किती गेलाय?"

थोडा, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी स्टूल ओढलं, जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होत होता त्या रेषेसमोर ठेवलं, आणि चष्मा पुसून त्यावर बसल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "नीट बघून सांगते."