डॉलरची जोडवी

मित्रांनो, मी एक जुना, चांदीचा अमेरिकन डॉलर होतो. आता बुऱ्हाणपुरातल्या एका बाईच्या पायात जोडवी होऊन बसलो आहे.

१८८१ साली टांकसाळीत माझ्यावर एका बाईचं मुख उमटलं. तिच्या डोईवर गव्हाच्या लोंब्या होत्या, कापसाची बोंडं होती. पुष्कळ हात फिरून मी इथे आलो तेव्हा घाबरलो होतो. या गावात चांदी वितळवून जरीची तार ओढतात. पण मला लीलाधरशेठनी घेतलं. बुधवारा पेठेत त्यांचं कापडदुकान, आणि घरी जुन्या नाण्यांचा संग्रह. माझ्या अंगावर वयाची काळपट निळी झाक चढली होती. जाणत्यांच्या लेखी तेच माझं मोल. ती घासली की नाणं मेलं. शेठ मला कडेने धरत, मखमलीवर ठेवत. बायकोला मात्र कपाटाजवळ फिरकू देत नसत. का, ते कधी सांगितलं नाही.

त्यांची बायको धुरपदाबाई जवळच्या दापोरा गावची, कापूस पिकवणाऱ्या घरची. लक्ष्मीपूजनाला कपाट उघडं राहिलं आणि तिने मला पाहिलं.

"अगं माय, डोक्यात आपलंच बोंड! आणि केवढी काळी पडली ही लक्ष्मी!"

तिने चिंच आणि राख लावून मला लख्ख घासलं, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. माझी कातडी सोलली जात होती. तरी इतका मायेचा हात मला आधी कधी लागला नव्हता.

संध्याकाळी शेठ मोठ्या ऐटीत खंडव्याच्या निरंजनभाऊंना, नाणी जमवणाऱ्या मित्राला, मला दाखवायला घेऊन आले.

"वा वहिनी!" निरंजनभाऊ हसले. "आता याला घासलेल्या तांब्या-भांड्यांच्या रांगेत मांडा."

शेठ ओरडले नाहीत. "देवी वाटली का तुला?" एवढंच विचारलं.

"हो. कापसाची लक्ष्मी वाटली."

"मग तुझ्यापाशीच राहू दे."

दुसऱ्या दिवशी शेठनी मला सोनाराकडे नेलं. सोनार म्हणाला, "शेठ, चमकली तरी जुनी चीज आहे. मोडू नका."

"वितळव. जाड जोडवी कर."

मुशीत आधी माझ्यावरच्या बाईचं मुख गेलं, मग बोंडं.

घरी शेठनी जोडवी तिच्यापुढे फेकली. "घाल. आता तुझ्या लक्ष्मीवर पाय देऊन चाल."

"अहो, पाया पडते. दुसरी घालते, ही काढू द्या."

"काढ की. मी मेल्यावर काढायचीच आहेत."

सवाशीण ती; खाली बसून तिने जोडवी बोटांत चढवली. पाहुणे आले की शेठ तिला मुद्दाम पाणी आणायला सांगतात आणि म्हणतात, "बघा, माझं चालतं नाणं!" पाहुणे हसतात.

मित्रांनो, जुनं नाणं घासू नका. पण घरात ज्याला हे ठाऊक नाही, त्याला आधी चार शब्द नीट सांगा. नाणं एकदाच वितळतं. माणसाला रोज वितळवता येतं, हे मी या घरात पाहिलं.

धुरपदाबाईचे घोटे सुजले आहेत. ती टाचांवर चालते. तिने मला अजून जमिनीला लागू दिलेलं नाही.