ईशानची ईशानी

शुक्रवारी सकाळी ओहायोतल्या डब्लिनच्या घरी मीनाक्षी बेसनाचे लाडू वळत होती. परवा ईशानचं लग्न. होणाऱ्या सुनेचं, नेत्राचं, नवं नाव तिने आधीच ठरवलं होतं, ईशानी. ते ऐकून नेत्राचा चेहरा उतरला.

"काकू, प्लीज. मला माझं नाव आवडतं. चेंज नको ना."

"आम्ही बदललीच ना? मेलो का आम्ही?"

"आई, इट्स जस्ट अ नेम," ईशान फोनमधून मान वर न काढता म्हणाला. त्याचं कुणी बदलणार नव्हतं.

मीनाक्षी माहेरची कांचन. लग्नानंतर तिला सासरी कुणी त्या नावाने हाक मारली नाही, आणि पुढे माहेरीही. परंपरेचं तिला फारसं प्रेम नव्हतंच. तिला नेत्राचा हेवा वाटत होता. आपल्याला मिळालं नाही ते हिला फुकटात का मिळावं? आपल्याकडच्या कितीतरी रूढी शास्त्राच्या नव्हे, असल्या पोटदुखीच्या जिवावर तगून आहेत.

घरात बसवेना, म्हणून ती गाडी काढून काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेली. निवृत्तीनंतर ती तिथे व्हॉलंटिअर होती. गुलामीतून सुटून ओहायोत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या नोंदी वाचून कॉम्प्युटरवर चढवायचं काम. सोबतीला वर्निस, निवृत्त शिक्षिका, त्या नोंदींत स्वतःचे पूर्वज शोधणारी.

आज वर्निस रडत होती. तिच्या पणजीची आई सापडली होती. वय, उंची, मनगटावर भाजल्याचा डाग. खाली कारकुनाने लिहिलं होतं: मालकाने दिलेलं नाव सॅली, पण ही बाई डायना हेच नाव लिहा म्हणून अडून बसली आहे.

 दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईवर मीनाक्षी जळत होती.

"किती नशीबवान गं ही!"

"नशीबवान?" वर्निसने डोळे पुसले. "तो डाग ओळख पटवायला लिहिलाय. सुटकेचा पुरावा असलेला हा कागद हरवला असता, तर कुणीही तिला उचलून पुन्हा विकलं असतं. नाव तेवढं तिने भांडून स्वतःचं ठेवलं."

मीनाक्षीला मान वर करवेना. आपण कुणाशी भांडलो नाही, आणि आता भांडतोय ते एका मुलीशी, हे तिला लख्ख दिसलं.

रविवारी लग्न लागलं. घरी लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट आलं. ईशानने अंगठी हातात घेतली.

"लिही, ईशानी," ईशानचे बाबा मोरेश्वर मुलाला म्हणाले.

"थांब. नेत्रा लिही," मीनाक्षी म्हणाली.

"अगं, तूच ठरवलंस ना? पाहुणे काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी जळून ठरवलं होतं." ती सुनेकडे वळली. "नेत्रा, तुझा हेवा वाटतो मला. अजून वाटतोय. पण तुझ्या नावाला हात लावणार नाही."

ईशानने वाकड्यातिकड्या अक्षरांत नेत्रा लिहिलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक मावशी तर तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या.

मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी होतं. सुनेच्या आनंदाचं म्हटलं तर गोड वाटेल, पण ते हेव्याचंच होतं. हेवा वाटणं पाप नाही. तो सुनेवर काढायचा की आपल्यापाशीच संपवायचा, हे मात्र घरोघरच्या सासूने स्वतःला विचारायला हवं.