दोघींचे शब्द

"उमैमाचे कपडे तेवढे भर. अनसचे नको," असं बायकोला दारातून सांगून मकसूद पुन्हा आपल्या झेरॉक्सच्या दुकानाकडं गेला. लातुरात क्लासचे प्रवेश सुरू होते. सकाळपासून त्याला उसंत नव्हती.

भामाबाई शेजारच्या खोलीत राहायच्या आणि क्लासच्या मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या. दुपारी मोकळ्या झाल्या, की मकसूदच्या बायकोकडं, गौसियाकडं टेकायच्या. आज भरलेली पिशवी बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"कुठं निघालीस गं?"

"मी न्हाई मावशी. उमैमाला नांदेडला माझ्या अम्मीकडं ठेवून राहिलो, तीन महिने. अडीच वर्षांचे झाले दोघं, एक शब्द बोलत न्हाईत. आपसात नुसती चिवचिव. सगळे म्हणतात, जुळ्यांना अलग केलं की जबान खुलते."

फरशीवर दोघं रिकाम्या डब्याशी खेळत होती. अनस काहीतरी पुटपुटला. उमैमानं लगेच झाकण उचलून त्याच्या हातात दिलं.

भामाबाई आत येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

त्र्याण्णव साली त्या अहमदपूरला होत्या. नवरा रामकिशन शाळेत शिपाई. घरात तीन वर्षांच्या जुळ्या लेकी, धम्मप्रिया आणि संघमित्रा. दोघींचं दिवसभर बोलणं चालायचं, पण ते त्यांचं त्यांनाच कळायचं. आईबापाशी फक्त बोट दाखवायच्या.

"बोलत्यात की त्या," भामाबाई म्हणायच्या. "आपल्याला कळंना, त्येला त्या काय करतील?"

"शाळेत कोण समजून घेणार हाय त्येंचं?" रामकिशन म्हणाले. "पोरींनी शिकावं म्हणून तर मी घंटा बडवून राहिलो. एकीला तुझ्या माहेरी ठेवू. दोन महिन्यांचा प्रश्न हाय."

भामाबाईंचं मन मानत नव्हतं. पण नवरा चार पुस्तकं वाचलेला, आपण अडाणी, असं त्यांनी मनाला समजावलं आणि संघमित्राला औसा तालुक्यातल्या माहेरी, तेरणेकाठच्या गावी, स्वतः सोडून आल्या. निघताना लेक रडली नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत दोनदा काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट बघत राहिली.

नवव्या दिवशी पहाटे जमीन हलली. अहमदपूरच्या त्यांच्या घराचे पत्रे नुसते थरथरले. माहेरच्या गावात मात्र गल्ली कुठली आणि घर कुठलं, हे दगडमातीच्या ढिगांतून ओळखता येत नव्हतं. लेकीला शोधायला गेलेले रामकिशन चौथ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या हातांची सालटी निघाली होती. त्यानंतर मरेपर्यंत ते घरात कामापुरतंच बोलले.

धम्मप्रिया काही आठवडे भिंतीकडं बघून दोघींचे शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मग एक दिवस ते थांबलं. उन्हाळ्यापर्यंत ती स्वच्छ मराठी बोलू लागली. "बघा, बोलली का न्हाई?" असं म्हणता म्हणता बायका मध्येच गप्प व्हायच्या.

दोघींचे सतरा शब्द भामाबाईंना पाठ होते. बिक्का म्हणजे पाणी. तुईला म्हणजे झोप, नाहीतर अंधार. तेवढं नक्की नव्हतं. विसरू नयेत म्हणून पोळ्या लाटताना त्या ते मनात म्हणायच्या. नांदेडला नर्सिंग शिकणारी धम्मप्रिया गेल्या दिवाळीत घरी आली, तेव्हा भामाबाईंनी तिच्यापुढं तांब्या धरला आणि हळूच म्हटलं, "बिक्का."

लेक हसली. "हे कानडी हाय का, आई?"

"हाव," भामाबाई म्हणाल्या.

हे सगळं त्यांनी गौसियाला सांगितलं. कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ.

"पण मावशी, ती भूकंपानं गेली. अलग केल्यानं न्हाई."

"हाव. अठरा वर्षं मीबी मला तेच सांगून राहिले."

"मग... तिथं बोलली का ती?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"बोलली. सातव्या दिवशी. आई म्हणली."

"तुम्ही गेला होतात?"

"न्हाई. माझ्या भावजयीला म्हणली. भावजय वाचली, तिनंच सांगितलं."

गौसिया उठली. दुकानात जाऊन मकसूदला म्हणाली, "गाडीचं तिकीट काढू नका. आधी दोघांना कानाच्या डाक्टरला दाखवू, संगंच."

"आणि कान चांगले निघाले तर?"

"तर बसू त्यांच्याजवळ. तुम्ही येक तास, मी येक तास."

मकसूदचं मशीन चालूच होतं. त्यानं गठ्ठा उलटा करून पुन्हा ठेवला. "अम्मीला तू सांग," एवढंच म्हणाला.

गौसिया परत आली तेव्हा उमैमा भामाबाईंच्या मांडीवर झोपली होती. अनस त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. मेसची वेळ होऊन गेली होती. भामाबाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी तो हलवला नाही.