घरच्या बायका चालत नाहीत

दुपारची जेवणं आटोपली होती. मोठी जाऊ ओटा पुसत होती आणि धाकटीच्या मांडीवर तिची पोर खोकत होती. खोकला सकाळपासूनच होता. पण आता प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. धाकटीने नवऱ्याला फोन लावला.

"बाबा अन् मी निघालोच. मागच्या दाराशी तयार राहा," तो म्हणाला.

खाली भर बाजारात रंगाचं दुकान, वर घर, आणि बायकांची ये-जा मागच्या बोळातून, तीही गाडीनेच. घरच्या बायका रस्त्याने चालत नाहीत, हे सासऱ्यांचं ब्रीद. दुकानाची भलीमोठी पाटी वरच्या खिडक्यांवर आडवी आलेली, त्यामुळे समोरचा रस्ता बायकांना ठाऊक होता तो फक्त आवाजाने. यंदा त्या रस्त्यावर गाड्या बंद झाल्या, रुंद पदपथ आले, ट्राम आली. सासऱ्यांनी लगेच व्यापाऱ्यांची विरोधसभा भरवली. "गिऱ्हाईक गाडीतून येतं. ट्राममधून येतात ते रिकामटेकडे!" गर्दी वाढून दुकान जोरात चाललं होतं, त्याबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी.

गाडी काही येईना. "गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर अडकलोय," नवरा फोनवर म्हणाला. पोरीचे ओठ निळसर दिसू लागले.

"येईल गं गाडी, धीर धर," सासूबाई म्हणाल्या. पण त्या स्वतःच पुन्हा पुन्हा मागच्या खिडकीतून बोळात डोकावत होत्या.

मोठ्या जावेने पुसणं थांबवलं. काही वर्षांपूर्वी तिचं बाळ याच गाडीत, दवाखान्याच्या वाटेवर, तिच्या मांडीवरच गेलं होतं. घराने त्याला नशीब म्हटलं आणि विषय मिटवला. आता ती ओलं फडकं हातात धरून पोरीकडे बघत होती. एकदम म्हणाली, "ऊठ. खाली चल."

"पुढच्या दाराने? ताई, मामंजी जीव घेतील!"

"घेऊ देत. पोरीचा तरी वाचेल."

धाकटी पोरीला छातीशी धरून जिना उतरली, मागोमाग मोठी जाऊ. दुकानातले नोकर आ वासून बघत राहिले. बाहेर एवढा मोकळा रस्ता, एवढी माणसं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हेही तिला कळेना. पोर इथेच आपल्या हातात जाणार, या भीतीने तिला रडूसुद्धा फुटेना. समोर ट्राम उभी होती.

"मोठ्या दवाखान्याकडे जाते का हो? लांब आहे, पण..."

"लांब?" तिकीटवाली बाई म्हणाली. "अहो, पुढचाच थांबा. चढा पटकन!"

ट्रामचं दार मिटलं, उघडलं, आणि समोर दवाखान्याचं फाटक. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तिथल्या तिथे प्राणवायू लावला. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या.

मोठी जाऊ दारातच थबकली होती. भिंतीवर तोच हिरवा पट्टा, तीच बाकडी. "हा तोच दवाखाना?"

"तोच, ताई."

गाडी दरवेळी मोठ्या रस्त्याने गावाला वळसा घालून मागच्या फाटकाने आत यायची. इतकी वर्षं दोघी समजत होत्या की दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

सासरे आणि नवरा पोहोचले तोवर पोरीचे ओठ गुलाबी झाले होते. नवरा मटकन तिच्याजवळ बसला. सासरे दबक्या आवाजात मोठीला म्हणाले, "बाजारात शोभा झाली तेवढी पुरे. गाडी मागच्या फाटकाशी आहे. चला घरी."

"मामंजी, दवाखाना इतका जवळ आहे, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"तेव्हा ट्राम कुठे होती?"

"पाय तर होते ना?"

"अगं, रडत-ओरडत भर बाजारातून गेली असतीस. लोकांनी बघितलं असतं!"

"हो," ती म्हणाली. "बघितलं असतं. एखाद्याने हातही दिला असता."

घरी काय वाढून ठेवलंय, याची धाकटीला पुरती कल्पना होती. तरी ती म्हणाली, "ताई, तुम्ही पुढच्या फाटकाने जा. मीही पोरीला तिकडूनच आणेन."

मोठी जाऊ पुढच्या फाटकाने बाहेर पडली आणि घराच्या दिशेने चालू लागली. चालता चालता ती मोठमोठ्याने रडत होती, आणि लोक बघत होते.

बाळाला कोणत्या दुखण्याने नेलं, ते डॉक्टर सांगतील. उशीर कुणी केला, हे मात्र ज्या ज्या घरात बायकांना रस्ता बंद आहे, तिथल्या कर्त्यांनी स्वतःला विचारावं.