अडीच वाजेपर्यंत

करंजी घाट सुरू झाला तसा गाडीचा तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला. राजेश्वरीने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. पहिल्या वळणानंतर तिने एसी बंद केला.

"एसी का गं बंद केला?" मागच्या सीटवरून आईने विचारलं.

"घाट आहे आई. गाडीला ताण पडतो."

मनकर्णाबाई मागे पाय लांब करून बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा होता, मांडीवर थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. त्यांनी काच खाली केली. भट्टीचं दार उघडावं तसा वारा आत आला, म्हणून परत वर केली.

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अजून चाळीस किलोमीटर.

अण्णा, राजेश्वरीचे वडील, पहाटे पाचला गेले होते. पुण्याला फोन आला सातला, रंगनाथ तात्यांचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचा. "झोपेतच गेला गं. कुनाला हाक बी मारली न्हाई," तात्या म्हणाले, आणि लगेच, "वयनीला वाटंत काय बोलू नको. तब्येत जास्त हाय म्हन. घरी आल्यावर बघू." त्यांच्या भावकीत असंच चालायचं. बाहेरगावच्या माणसाला 'निघून या' एवढंच कळवायचं. अंगणातल्या चपलांचा ढीग पाहून त्याचं त्याला कळायचं. राजेश्वरीने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, कॉलेजात शिकवली होती, या रीतीवर एकदा भर घरात वादही घातला होता. आज सकाळी मात्र तिने मुकाट्याने आईच्या बॅगेत दोन साधी लुगडी घातली आणि म्हणाली, "अण्णांना ताप आहे. चल, जाऊन येऊ."

शिक्रापूरला रस्त्याच्या कामात दीड तास गेला. नगर सोडताना तात्यांचा दुसरा फोन आला. मयत थंड ठेवायची विजेची पेटी आणली होती, पण दहापासून लाईट नव्हती. पाथर्डीहून बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्या अर्ध्या विरघळल्या. "अडीचपर्यंत थांबतो. त्याच्याफुडं न्हाई गं थांबता यायचं, राजी. ऊन लई बेकार हाय."

तिसऱ्या वळणावर काटा तांबड्यात गेला. चौथ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. पुढे डाव्या हाताला कडब्याच्या आडोशाची एक रसवंती दिसली. राजेश्वरीने गाडी तिथे कशीबशी नेली आणि बंद केली. आत काहीतरी खदखदत राहिलं.

तिने उतरून बॉनेट उघडलं, ओढणी हाताला गुंडाळली आणि झाकणाकडे हात नेला.

"अगं ए! भाजून मरती का?"

रसवंतीची मालकीण धावत आली. साठीची, काटक, कमरेला पदर खोचलेला. तिने राजेश्वरीचं मनगट धरून मागे ओढलं.

"शिकल्यालं मानूस दिसतीस, आन गरम झाकनाला हात घालती! मागल्या रविवारी एका डायवरचं तोंड सोललं ह्यानंच. हितं सावलीला बस. अर्धा तास त्याला हात लावायचा न्हाई."

"अर्धा तास नाही माझ्याकडे, मावशी."

"नसूंदे. त्याच्याकडं हाय." बाईने इंजिनाकडे बोट दाखवलं. मग आईला हात देऊन खाली उतरवलं. "या आक्का. डोळ्याचं केलंय व्हय? मी छबूबाई. रस पिता का? बर्फ मात्र संपलाय."

बर्फ हा शब्द ऐकून राजेश्वरीने तोंड फिरवलं.

वाफ सरता सरता वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तिने सात गाड्यांना हात केला. कांद्याचा टेम्पो गच्च भरलेला होता. दोन मोटारी काचा न उतरवता गेल्या. एक मोटरसायकलवाला थांबला, पण त्याच्यामागे बायको आणि पोर होतं. तो नुसताच म्हणाला, "पाणी टाका, पाणी."

छबूबाईने फडकं घालून झाकण हळूहळू सैल केलं, फुसफुस संपू दिली, मग उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला पांढरट, रवाळ साका लागला होता.

"हे बघ. बोअरचं पानी वतलंय ह्याच्यात. क्षार बसून चोंदलंय सगळं. कोनाची अक्कल ही?"

गाडी अण्णांची होती. आईला पुण्याला पोचवून ते स्वतः एसटीने परत गेले होते. "आणताना तिला ह्याच गाडीत आण, एसटीत डोळ्यात धूळ जाईल," म्हणाले होते. दर शनिवारी ते घरच्या बोअरची कळशी भरून आणायचे आणि लेकराला पाजावं तसं रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. बाटलीतलं हिरवं पाणी, कूलंट, विकत घ्यायचं म्हणजे त्यांना फसवणूक वाटायची. "आपलं पानी काय वाईट हाय का?"

"आमच्या मालकांची," आई म्हणाली. "घरी गेल्यावर बघतेच त्येंच्याकडं."

छबूबाई हसली. टाकीतलं पाणी तिने बादलीभर दिलं, हात आखडता न घेता. टँकरचं ते पाणी किती जपून ठेवलेलं होतं, हे राजेश्वरीला टाकीच्या झाकणावर ठेवलेल्या दगडावरून समजलं.

"आता ऐक," छबूबाई म्हणाली. "चांगला तासभर थांबून जा. थांबायचंच नसंल, तर एसी मेला म्हन आन हीटर लाव. फुल्ल. ट्रकवाले तसंच करत्यात. इंजिनाची धग आत वढून घ्यायची, मंग इंजिन दम धरतं. पन आत बसनाराची खैर न्हाई. म्हातारं मानूस, डोळ्याचं आपरीशन, न्हाई सोसायचं. त्यापेक्षा इथंच पडा, उन्हं उतरली की जावा."

"तेच म्हनते मी," आई बाकड्यावर आडवी होत म्हणाली. "राजी, येवढी काय घाई? ताप तर हाय. पाच वाजता निघू. त्येंला काय हुतंय? पंचेचाळीस वर्षांत एक दिस अंथरून धरलं न्हाई मानसानं. मला बोलवायला नाटक केलं आसंल."

राजेश्वरी बादली धरून उभी होती. घड्याळात एक वीस झाले होते. आईने चष्मा सारखा केला आणि कूस बदलली. ती खरंच झोपायच्या तयारीत होती.

"आई, ऊठ."

"डॉक्टरनं सांगितलंय, डोळ्याला धग लागू द्यायची न्हाई."

"आई, अण्णा गेले."

छबूबाईने पदर तोंडाला लावला. मनकर्णाबाई उठून बसल्या. मग म्हणाल्या, "कवा?"

"पहाटे."

"म्हंजी सकाळी मला च्या देताना तुला म्हाइत हुतं."

"हो."

"शिक्रापुरात मी केळी घ्यायला लावली त्येंच्यासाठी, तवा बी."

"हो आई."

राजेश्वरी वाट पाहत होती: हंबरड्याची, शिव्यांची, आई जमिनीवर कोसळेल याची. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठल्या.

"किती वाजेस्तोवर थांबत्यात?"

"अडीच."

"लाईट हाय का घरी?"

"नाही."

"मंग उभी काय राह्यलीस? लाव हीटर."

छबूबाईने पाण्याचे दोन कॅन मागच्या सीटखाली ठेवले. कॅन परत करायचं कुणी बोललं नाही.

घाटाचा उरलेला भाग राजेश्वरीला पुढे कधी नीट आठवला नाही. हीटरचा झोत पायांवर आणि तोंडावर येत होता. चारही काचा खाली होत्या, पण बाहेरूनही तेच येत होतं. स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात सोडता येत नव्हता. आई आता पुढच्या सीटवर होती. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवून डोक्यावर घेतलं होतं. ते दोन वळणांत वाळलं. तिचे ओठ हलत होते. राजेश्वरीला वाटलं जप चालला आहे. कान दिल्यावर कळलं, आई काटा वाचत होती. "उतरला. उतरला वाईच. चढला. राजी, चढला. हां, उतरला."

घाट संपला. माथ्यावर काटा निम्म्यावर आला आणि तिथेच राहिला. करंजी गेलं. एक पस्तीस. राजेश्वरीने मनातल्या मनात हिशोब केला, पंधरा मिनिटं हाताशी राहत होती. तिने वेग वाढवला.

तिसगाव दिसायच्या आधी बॉनेटखाली फटकन आवाज झाला. काचेवर तांबूस पाण्याची चिळकांडी उडाली. पाईप फाटला होता. तिने तरीही गाडी रेटली, अर्धा किलोमीटर, काटा तांबड्यात असताना, इंजिन खडखडत असताना. गाडी स्वतःच थांबली. परत किल्ली फिरवली तेव्हा नुसतं टक् झालं. दोन्ही कॅन भरलेले होते आणि आता त्यांचा काही उपयोग नव्हता.

आसपास झाड नव्हतं. नांगरून टाकलेली रानं आणि रस्ता. तिने आईला उतरवून गाडीच्या सावलीत, कॅनवर बसवलं आणि तात्यांना फोन लावला.

"माझ्या कानिफनाथला जीप घिऊन धाडतो," तात्या म्हणाले. "पाऊन तास लागंल त्याला. तुमी घरी पोचूस्तोवर सव्वातीन. थांबतो आमी. लोकं थांबतील. पन राजी..." मागे बायकांचा आवाज होता, कुणीतरी उदबत्त्या आणखी लावायला सांगत होतं. "बर्फ संपलाय गं. ऊन आत येतंय. म्हंजी, मानूस..."

"आन इकडं," आईने हात पुढे केला.

फोन स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"रंगनाथ भावजी, मी बोलते."

"वयनी..." आणि तात्या पलीकडे रडायला लागले.

"रडू नका. ऐका. त्येंला उचला."

"आई!" राजेश्वरी ओरडली. "सव्वातीनला पोचतोय आपण. ते थांबतो म्हणतायत!"

"म्हनतायत." आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "भावजी, उचला. रोज दोनदा आंघूळ करनारा मानूस हाय. लोकांनी नाकाला रुमाल लावून त्येंच्याभवती बसायचं न्हाई. मी सांगते म्हनून सांगा भावकीला."

"तुमी बघनार न्हाई त्याला?"

"मी पंचेचाळीस वर्षं बघितलंय."

तात्यांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "व्हिडिओ लावतो वयनी. उचलायच्या आधी. येकदा बघून घ्या."

"फोनात न्हाई बघायची मी." आईने फोन राजेश्वरीच्या हातात दिला. "तुला बघायचं आसंल तर बघ. तुझा बाप हाय. मी तुला इचारलं न्हाई, मला कळतंय."

उन्हात पडदा काळा दिसत होता, त्यात फक्त तिचाच घामेजलेला चेहरा. ती गाडीत शिरली, दार ओढलं आणि ओढणी डोक्यावरून घेऊन फोनवर वाकली. आतली हवा छातीत जाईना. आधी पत्र्याचं छत दिसलं, मग माणसांचे पाय, मग पांढरं कापड. कुणीतरी कापड बाजूला केलं.

चित्र मध्येच गोठलं, पण गोठण्याआधी तिने पाहिलं होतं. जवळजवळ अर्धा मिनिट.

ती बाहेर आली तेव्हा आई कॅनवर तशीच बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

"कसे दिसत्यात?"

झोपल्यासारखे, हे शब्द राजेश्वरीच्या ओठांवर आले होते. सकाळपासून ती खोटं बोलत होती, आणखी एक सहज बोलता आलं असतं. ती आईशेजारी मातीत बसली. माती चटका देत होती, तरी बसली.

"तू उचलायला सांगितलंस ते बरं केलंस, आई."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्यांचा हात चाचपडत आला आणि राजेश्वरीच्या कपाळावर थांबला, उन्हाच्या बाजूने, डोळ्यांवर सावली धरून. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाथर्डीकडून एक जीप येताना दिसली, जवळ आली, आणि ती दुसऱ्याच कुणाची होती.